नंबराचं कापड

पहाटे पाचला पहिला भोंगा मी द्यायचो,
साडेपाचला दुसरा, सहाला तिसरा.
जुन्या मिलमधली माझी नोकरी म्हणजे
एक साखळी, एक घड्याळ.

पहिल्या भोंग्याला येमूलांचा नरसिमलू
फाटकातून सुटायचा,
हिप्परग्याच्या तळ्यात पंचा बुडवून
तिसऱ्याला मागापाशी हजर.
"वाटेत विहिरी काय कमी हायत का बे?"
जॉबर हसायचा.
म्हणून मी पंचा हुंगून बघायचो.
तळ्याच्या पाण्याला शेवाळाचा वास असतो.

मग पुण्याचे एक गृहस्थ आले, छत्री, फेटा,
खिशात पत्र:
समुद्रापलीकडे सगळ्या देशांचा खेळ आहे,
आपलीही माणसं न्यायची आहेत.
ते माझ्या शेजारी घड्याळ धरून उभे राहिले.

त्या दिवशी सहा वाजले
आणि रस्ता रिकामा.

साखळी माझ्या हातात होती.
छत्रीवाले फाटकाकडे बघत होते, घड्याळाकडे नाही.
मी थांबलो.
धुळीत आधी पंचा दिसला, मग तो.
तेव्हा ओढली.
अख्खं सोलापूर त्या दिवशी
दोन मिनिटं उशिरा उजाडलं.
साहेबानं माझे आठ आणे कापले.

देश म्हणून निघाले पाच जण.
एक पैलवान, तो बोटीवर आजारी,
एक भालाफेक्या, त्याचा भाला मुंबईच्या गोदीतच राहिला,
दोन कॉलेजची पोरं, इंग्रजी बोलणारी,
आणि आमचा हा.
निघताना आई तेलुगूत बरंच काही बोलली,
मला एकच शब्द कळला: चेप्पुलु.
तिला काळजी त्याच्या अनवाणी पायांची.

शेंगाची चटणी एडनपर्यंत पुरली.
डेकवर तो गोल गोल पळायचा,
त्र्याहत्तर फेऱ्या म्हणजे एक हिप्परगा,
त्यानंच बसवलेला हिशेब.

निकाल छापून आला तीन आठवड्यांनी.
पहिल्या सहांची नावं, देश, वेळ.
मग एक ओळ: इतर.
मिलच्या वाचनालयात त्या शब्दावर
कुणीतरी बोट ठेवलं,
तेलाचा ठसा उमटला.
लोक त्या ठशाला बघायला यायचे.

तो परतला सोमवारी. मंगळवारी मागावर.
विचारलं तर म्हणाला, गाव थंड,
रस्ते दगडी, दगड ओले.
दिलेले बूट सातव्या मैलाला काढले,
नाड्या बांधून गळ्यात घातले,
आणि माणसं टाळ्या वाजवायला लागली.
"मला वाटलं, मी पुढं हाय.
बुटांना वाजवत हुते ओ."
सलामीला पाचांपुढं झेंडा होता.
"आपला?"
त्यानं धोटा फेकला. खट्.
उत्तर तेवढंच.

रात्रपाळी सुटताना मी त्याला गाठलं.
माझ्या छातीत ती दोन मिनिटं
आठ महिने अडकलेली.
म्हटलं, नरसिमलू, त्या दिवशी भोंगा...
"ठाव हाय," तो म्हणाला.
"तळ्यावर पाय मुरगळला हुता.
पाथरूट चौकात आलो तवा उजाडलेलं,
आन् भोंगा नाही.
म्हटलं, मास्तरनं धरून ठेवलाय.
मग लंगडायची लाज वाटली."

मग कमरेचा कसा सोडून
नंबराचं कापड काढलं. सत्तावन्न.
दिव्यापुढं धरलं, मला वाटलं दाखवतोय.
तो वीण बघत होता.
"उभा धागा बरा हाय. आडवा सैल.
दोन धुण्यात फाटलं.
एवढे देश, एवढी बोटं,
आन् कापड असलं?"

महिनाभरानं मला एक रुमाल मिळाला,
त्याच्या मागावरचा, घट्ट,
कोपऱ्यात लाल सुतात सत्तावन्न.

तो मी साखळीच्या मुठीला गुंडाळला.
हात घसरत नाही.
भोंगा वेळेवर देतो.
पण ओढण्याआधी अजूनही
एकदा रस्त्याकडे बघतो.